करारांतील तिसरा पक्ष



१९३८ या सालाच्या अखेरीस, एकमेकांपासून हजारों मैल दूर असलेल्या दोन ठिकाणीं, मालक आणि मजूर यांच्या संबंधाविषयीं दोन घटना घडल्या. ७ नोव्हेंबरला मुंबईच्या कामगारांनीं एक दिवसाचा संप केला. बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळानें विधिमंडळांत आणलेल्या औद्योगिक कलह विधेयकाचा निषेध करण्यासाठीं तो होता. समेटाची ठराविक पद्धति पुरी होण्यापूर्वीं केलेला संप बेकायदेशीर ठरावा, हा त्या विधेयकाचा रोख होता. आणि संपाचा हक्क असा आवळणें म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबावयास लावणें होय, असा डॉ. आंबेडकरांचा सभागृहांतील आक्षेप होता. त्यानंतर सहा आठवड्यांनीं, म्हणजे २० डिसेंबरला, स्वीडनच्या राजधानीजवळ समुद्रकांठच्या साल्टशोबादेन या गांवीं मालकांच्या व कामगारांच्या मध्यवर्ती संघटनांनीं समोरासमोर बसून एका करारावर सह्या केल्या. तेथें सरकार मेजाशीं नव्हतें. येथें कामगार मेजाशीं नव्हता.

या भेदावर आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु दोन्ही ठिकाणीं सारखीच राहून गेलेली एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षांत आली नाहीं. ज्या जमिनीवर कारखाना उभा असतो, ज्या नदीचें पाणी तो घेतो आणि ज्या हवेंत त्याचा धूर मिसळतो, त्यांची बाजू मांडणारा माणूस तेथेंहि नव्हता आणि येथेंहि नव्हता. दोघांचें भांडण आणि तिसऱ्याचा लाभ, अशी आपल्याकडे म्हण आहे. उद्योगधंद्यांच्या इतिहासांत मात्र दोघांच्या भांडणांत तिसऱ्याची हानि झाली, आणि दोघांच्या समेटांतहि तिसऱ्याचीच हानि झाली. हा तिसरा पक्ष कोण, त्याच्याकडे दुर्लक्ष केल्याचें फळ काय, आणि मुंबईच्या गिरणगांवानें व गोरेगांवासारख्या उपनगरांनीं त्यापासून काय शिकावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

स्वीडन हा देश महाराष्ट्राला अगदींच परका नाहीं. स्वीडिश भांडवलानें १९२३ सालीं स्थापन झालेल्या 'विम्को' कंपनीच्या अंबरनाथच्या कारखान्यांतील आगपेट्यांनीं आपल्याकडील कित्येक चुली पेटविल्या आहेत. पुण्याजवळ दापोडीसहि स्वीडिश नांवांचे यंत्रकारखाने उभे राहिले. या देशाचें नांव निघालें कीं शांतता, सुबत्ता आणि स्वच्छता यांचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. पण ही शांतता त्या देशाला जन्मतः लाभलेली नव्हे. १९०९ सालीं तेथें सार्वत्रिक संप झाला, सुमारें तीन लाख कामगार त्यांत उतरले, आणि अखेर त्यांना हार खावी लागली. १९३१ च्या १४ मे रोजीं उत्तरेकडील ओदालेनच्या खोऱ्यांत लाकडाच्या लगद्याच्या धंद्यांतील संपाच्या वेळीं लष्करानें मिरवणुकीवर गोळीबार केला आणि पांच माणसें मृत्युमुखीं पडलीं. या रक्तानें देश हादरला. असें पुन्हा घडूं द्यावयाचें नसेल तर दोन्ही पक्षांनीं आपापलीं शस्त्रें कोठवर चालवावीं याचे नियम आपणच घालून घेतले पाहिजेत, हा विचार बळावत गेला आणि त्याचें पर्यवसान सात वर्षांनीं साल्टशोबादेनच्या करारांत झालें.

त्या करारांत वाटाघाटींची पद्धति ठरली, कामावरून दूर करण्यासंबंधीं नियम झाले, आणि झगड्याची झळ तटस्थ तिसऱ्या माणसाला लागूं नये म्हणून संप व टाळेबंदी यांना कांहीं मर्यादा घातल्या गेल्या. तिसऱ्या पक्षाचा विचार करारांत होता, हें येथें ध्यानांत घेण्यासारखें आहे. परंतु तो तिसरा पक्ष म्हणजे एखादा व्यापारी, एखादा गिऱ्हाईक, फार तर सर्वसाधारण नागरिक. नदी त्यांत नव्हती, माती नव्हती.

याचा परिणाम त्याच ओदालेनच्या खोऱ्यांत पाहावयास मिळतो. लगद्याच्या कारखान्यांनीं कित्येक दशकें पाण्यांत सोडलेल्या लाकडाच्या तंतूंचे जाड थर तेथील ओंगर्मान नदीच्या मुखाशीं तळाला सांचून राहिले आहेत आणि त्यांत पाऱ्यासारखीं विषें मिसळलेलीं आहेत. ज्या मजुरांनीं त्या खोऱ्यांत प्राण दिले त्यांच्या मागण्या पुढें मान्य झाल्या. पगार वाढले, तास कमी झाले. बहुतेक जुने कारखाने बंदहि झाले. त्यांचा गाळ मात्र अजून नदीच्या पोटांत आहे. दक्षिणेकडे टेकोमाटोर्प या लहानशा गांवीं तणनाशकें करणारा एक कारखाना होता. त्याच्या आवारांत १९७५ सालीं जमिनींत पुरलेलीं विषारी द्रव्यांचीं पिंपें सांपडलीं. १९७९ मध्यें त्या कारखान्याच्या इमारती सुरुंगानें उडविण्यांत आल्या, तरी जमीन शुद्ध करण्याचें काम पुढें कित्येक वर्षें चालूंच राहिलें.

तेव्हां स्वीडनची थोरवी त्यानें चूक केली नाहीं यांत नसून, चूक ध्यानीं आल्यावर मेजाशीं आणखी एक आसन मांडलें यांत आहे. १९६७ सालीं तेथें निसर्गरक्षणाचें स्वतंत्र सरकारी खातें निघालें, १९६९ सालीं पर्यावरणरक्षणाचा कायदा झाला, आणि १९७२ च्या जूनमध्यें मानवी पर्यावरणाविषयींची संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद स्टॉकहोमलाच भरली. इंदिरा गांधी त्या परिषदेस स्वतः उपस्थित होत्या आणि दारिद्र्याचा प्रश्न बाजूस सारून पर्यावरणाचा प्रश्न सुटणार नाहीं, हा मुद्दा त्यांनीं तेथें ठासून मांडला. त्याच दशकांत स्वीडनमधील कामगारांच्या सुरक्षा-प्रतिनिधीला एक विलक्षण अधिकार मिळाला. काम जिवावर बेतणारें आहे असें दिसल्यास, सरकारी तपासनीस येईपर्यंत तें थांबविण्याचा तो अधिकार. कारखान्याच्या हवेंत काय मिसळलें आहे हें सर्वांत आधीं ज्याच्या नाकाला कळतें, त्याच्याच हातीं घंटेची दोरी देण्यांत आली.

आतां मुंबईकडे वळूं. ताडदेवच्या कावसजी नानाभाई दावरांच्या गिरणीपासून, म्हणजे १८५० नंतरच्या दशकापासून, या शहराचा कापडधंदा सुरू झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईंत गिरणीकामगारांची संघटना उभी केली, आणि त्यांच्या खटपटीला यश येऊन १० जून १८९० पासून गिरणीकामगाराला रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली. ही सुट्टी विश्रांतीसाठीं होती यांत शंका नाहीं. पण तिच्याशीं शरीरधर्माचा एक चमत्कारिक दुवा जोडलेला आहे. कापसाच्या बारीक धुळीनें फुप्फुसाला जडणाऱ्या रोगाला वैद्यकांत बिसिनोसिस म्हणतात. सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशीं, म्हणजे सोमवारीं, छाती अधिक आवळते, हें या रोगाचें लक्षण आहे. एक दिवस स्वच्छ हवा मिळाली म्हणजे सहा दिवसांची हवा किती वाईट आहे हें शरीर बोलून दाखवितें. कामगाराचें पहिलें पर्यावरण म्हणजे अरण्य नव्हे किंवा समुद्रहि नव्हे. त्याच्या साच्याभोवतालची चार हात हवा हेंच तें होय. या दृष्टीनें पाहतां गिरणीकामगाराची सुट्टीची मागणी आणि आजच्या नागरिकाची स्वच्छ हवेची मागणी या एकाच कुळांतील आहेत.

परंतु आपल्याकडे औद्योगिक संबंधांची जी कायदेशीर घडी बसली, तींत या गोष्टींना फारसें स्थान राहिलें नाहीं. १९३८ च्या कायद्याच्या जागीं १९४६ सालीं मुंबईचा औद्योगिक संबंध कायदा आला. त्याच्या व्यवस्थेनुसार एका धंद्यांत, एका विभागांत, ज्या संघटनेला प्रातिनिधिक म्हणून मान्यता असेल तिनेंच मालकांशीं बोलावयाचें. इतरांनीं कितीहि माणसें गोळा केलीं तरी कायद्याच्या दृष्टीनें तीं मुकीं. मुंबईच्या कापडधंद्यांत ही मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. वाटाघाटींत गोंधळ माजूं नये हा त्या व्यवस्थेचा हेतु वाईट नव्हता. पण बोलण्याचा हक्क एका दारांतून आणि कामगारांचा विश्वास दुसऱ्या दारांत, अशी स्थिति झाली म्हणजे काय होतें, हें १८ जानेवारी १९८२ रोजीं दिसून आलें.

त्या दिवशीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या गिरण्यांतील सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ, बोनस, बदली कामगारांचा प्रश्न या मागण्या होत्याच; पण मान्यताप्राप्त संघटनेची ती एकाधिकारी मान्यता रद्द व्हावी, हीहि एक मोठी मागणी होती. मालक म्हणाले, ज्यांच्याशीं बोलावयाचें त्यांच्याशीं आम्ही बोलतों. सरकार म्हणालें, कायदा आहे. संप वर्षभराहून अधिक काळ चालला आणि त्याचा रीतसर शेवट कधीं झालाच नाहीं. कोंकणांत, घाटावर, गांवोगांवीं चाकरमानी परत गेले. जे राहिले ते मिळेल त्या कामाला लागले. लालबाग-परळच्या खानावळी ओस पडल्या, चाळींतील भजनीमंडळांचे टाळ थंडावले. लाखाहून अधिक कामगारांची नोकरी कायमची गेली.

आणि येथेंच तिसरा पक्ष रंगमंचावर येतो. ज्या काळांत गिरण्यांचीं चाकें मंदावलीं त्याच काळांत गिरण्यांखालील जमिनीचा भाव वाढत गेला. एके काळीं कापूस पिंजण्यासाठीं घेतलेली जागा आतां कापडाहून मोलाची झाली. गिरणी चालविण्यापेक्षां ती बंद करणें अधिक लाभाचें ठरूं लागलें, म्हणजे संप मिटावा अशी इच्छा उरण्याचें कारणच संपत आलें. मालक-मजुरांच्या तंट्याचा निकाल लावणारी खरी शक्ति करारपत्रांत नव्हती, ती सातबाराच्या उताऱ्यांत होती, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

मध्य मुंबईंत गिरण्यांची अशी जमीन सुमारें ६०० एकर होती. बेटावर वसलेल्या, मोकळ्या जागेला पारख्या झालेल्या शहरांत एवढी जमीन एकदम मोकळी होण्याचा योग शतकांतून एकदांच येतो. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलींत तिच्यासाठीं ५८ वा नियम घालण्यांत आला. त्याचें तत्त्व शाळेंतल्या मुलालाहि समजावें इतकें सोपें होतें. गिरणीमालकानें जमीन विकावयास किंवा बांधावयास काढली तर तिचे तीन वांटे करावे. एक वांटा शहराच्या बागा-मैदानांसाठीं महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठीं म्हाडाला, आणि एक मालकाला. मालकाच्या वांट्यांतून येणाऱ्या पैशांतून कामगारांचें देणें फेडलें जावें आणि गिरणीचें पुनरुज्जीवन व्हावें, अशीहि अपेक्षा होती. भांडवल, कामगार आणि भूमि या तिघांना एका हिशेबांत बसविण्याचा, आपल्या देशांत क्वचितच झालेला, हा प्रयत्न होता. पुढें १९९६ सालीं वास्तुशास्त्रज्ञ चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालीं समितीहि नेमली गेली. एकेका गिरणीचा तुकडा सुटा न पाहतां सगळ्या जमिनींचा एकत्र आराखडा करावा, असा तिच्या विचाराचा ओघ होता.

हें तत्त्व मोडलें तें उघड विरोधानें नव्हे, एका शब्दानें मोडलें. २००१ सालीं नियमांत दुरुस्ती झाली आणि वांटणी 'जमिनीची' न राहतां 'मोकळ्या जमिनीची' झाली. ज्या जागेवर जुन्या इमारती उभ्या आहेत ती वांटणींतून वगळली. गिरणीची बहुतेक जागा खातें, गुदाम, चिमणी यांनीं व्यापलेली असणार हें उघड आहे. त्यामुळें तीन समान वांट्यांतील शहराचा आणि घरांचा वांटा एकदम आक्रसला. या दुरुस्तीविरुद्ध पर्यावरणाच्या क्षेत्रांतील एक संस्था न्यायालयांत गेली. १७ ऑक्टोबर २००५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें मोकळ्या जागेच्या बाजूनें निर्णय दिला. ७ मार्च २००६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला. त्यानंतर गिरणगांवांत काचेचे मनोरे, दुकानांचे वाडे आणि मोटारींच्या रांगा झपाट्यानें उभ्या राहिल्या. २०१२ पासून म्हाडानें सोडतीनें गिरणीकामगारांना घरें देण्यास आरंभ केला, हें चांगलेंच झालें. परंतु अर्ज करणाऱ्यांची संख्या दीड लाखाच्या वर, आणि मिळालेलीं घरें त्या मानानें फारच थोडीं.

या साऱ्या प्रकरणांत एक गोष्ट विसरतां कामा नये. बागेसाठीं जमीन मागणारा नागरिक आणि घरासाठीं जमीन मागणारा कामगार हे एकमेकांचे विरोधक नव्हते. नियमानें दोघांना शेजारीं बसविलें होतें, आणि नियम बदलल्यावर दोघेहि एकदमच हरले.

याच्या उलट उदाहरण दिल्लीचें आहे. १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तेथील १६८ धोकादायक कारखाने शहराबाहेर हलविण्याचा अथवा बंद करण्याचा हुकूम दिला. हवा शुद्ध व्हावी हा हेतु निर्विवाद चांगला. कामगारांना भरपाई द्यावी असेंहि न्यायालयानें सांगितलें होतें. तरी हजारों कुटुंबांपुढें उद्यांच्या भाकरीचा प्रश्न उभा राहिला आणि कामगारवस्त्यांत 'पर्यावरण' या शब्दाचीच धास्ती बसली. मुंबईंत भूमीचा विसर पडून कामगार बुडाला. दिल्लींत कामगाराचा विसर पडून भूमीचें कार्य बदनाम झालें. दोहोंचें मूळ एकच. ज्याच्यावर परिणाम व्हावयाचा त्याला निर्णयाच्या आधीं विचारावयाचें नाहीं, ही आपली जुनी संवय.

गिरणगांवाची कथा ऐकून उपनगरांतील माणसानें, ही तर दादर-परळची गोष्ट, असें म्हणून स्वस्थ बसूं नये. अंधेरी, गोरेगांव, कांदिवली, भांडुप, मुलुंड, घाटकोपर या पट्ट्यांत स्वातंत्र्यानंतर यंत्रांचे, औषधांचे, रंगांचे, रबराचे कारखाने वाढले. डॉ. सामंत यांचीहि सुरुवात लालबागची नव्हे. घाटकोपरच्या पंतनगरांत वैद्यकी करीत असतां दगडखाणींतील मजुरांचीं दुखणीं पाहून ते चळवळींत उतरले. टेकडी फोडणाऱ्या मजुराच्या छातींत दगडाची धूळ जाते आणि टेकडीहि नाहींशी होते. एकाच सुरुंगानें दोघांचा नाश होतो, हें त्या खाणींनीं दाखवून दिलें होतें.

पुढें या पट्ट्यांतील कारखानेहि एकेक करून मिटले किंवा लांब गेले, आणि त्यांच्या जागीं कार्यालयें, मोठमोठीं दुकानें व निवासी मनोरे आले. गोरेगांवास पश्चिम द्रुतगति मार्गालगत 'नेस्को'चा यंत्रकारखाना होता. त्याच्या विस्तीर्ण आवारांत पुढें प्रदर्शनाचीं दालनें झालीं. २०२० च्या महामारींत त्याच दालनांत हजारों रुग्णांसाठीं खाटा मांडल्या गेल्या. शहरांत मोठी, एकसंध जागा शिल्लक असणें संकटकाळीं केवढें उपयोगी पडतें, याचा हा ताजा पुरावा आहे. विक्रोळीसहि गोदरेज उद्योगसमूहाच्या वसाहतीलगत ठाणें खाडीच्या कांठचें तिवरांचें वन राखलें गेलें आहे. उद्योग आणि वनस्पति एका आवारांत नांदूं शकतात हें त्यावरून सिद्ध होतें.

परंतु सर्वत्र असें झालें नाहीं. गोरेगांवकरांच्या पायांखालून ओशिवरा नांवाची नदी वाहते, हें नव्या पिढीला सांगावें लागतें. कारण डोळ्यांना दिसतो तो नाला. आरेच्या टेकड्यांत उगम पावून, गोरेगांव ओलांडून ती मालाडच्या खाडीला मिळते. विहार व पवई या तलावांच्या सांडव्याचें पाणी घेऊन निघणारी मिठी नदी साकीनाका-कुर्ल्याकडून माहीमच्या खाडींत जाते. तिच्या कांठीं भंगाराचे व पिंपें धुण्याचे धंदे वाढले आणि त्यांचें तेलकट पाणी नदींत मिसळत गेलें. हीं कामें करणारा मजूर कोणत्याहि संघटनेंत नाहीं, कोणत्याहि करारांत नाहीं. त्याच्या हातांवर जो रंग व जें तेल चढतें तेंच नदीच्या पाण्यावर तरंगतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हां वर्षानुवर्षें भराव घालून आवळलेल्या या नद्यांनीं आपली जागा परत मागितली. त्या पाण्यानें मालक कोण आणि मजूर कोण हें विचारलें नाहीं; तथापि पत्र्याच्या झोंपडींत राहणाऱ्याचें अधिक गेलें, हेंहि तितकेंच खरें.

ओशिवरेच्या उगमाशीं असलेल्या आरेचा इतिहास या दृष्टीनें फार बोधप्रद आहे. मुंबईच्या दाट वस्तींतील म्हशींचे गोठे हलवून शहराला स्वच्छता आणि स्वच्छ दूध द्यावें, या हेतूनें १९४९ सालीं ही दुग्धवसाहत स्थापन झाली. दारा खुरोडी हे तिचे प्रमुख शिल्पकार. १९५१ मध्यें पंडित नेहरूंच्या हस्तें तिचें उद्घाटन झालें. व्यवस्था अशी कीं म्हशी मालकांच्या, गोठे आणि कुरण सरकारचें, दूध सरकारनें विकत घ्यावयाचें. धंदा, कामकरी माणूस, जनावर, गवत आणि शहर या सर्वांचा विचार एका योजनेंत केलेला होता, म्हणूनच तीन हजार एकरांहून अधिक जमीन कित्येक दशकें हिरवी राहिली. तरी त्याहि योजनेंत एक पक्ष विसरला गेला. त्या टेकड्यांवर आधींपासून राहणाऱ्या वारली आदि आदिवासींच्या पाड्यांना पाणी, वीज आणि हक्काची जमीन यांसाठीं दीर्घकाळ तिष्ठावें लागलें.

२०१९ च्या ऑक्टोबरांत मेट्रोच्या कारशेडसाठीं याच आरेंत, उच्च न्यायालयानें याचिका फेंटाळल्याच्या रात्रींच झाडें तोडण्यास आरंभ झाला आणि दोन हजारांहून अधिक झाडें पडलीं. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानें तोड थांबविली. पुढें आरेंतील सुमारें ८०० एकर भूमि राखीव वन म्हणून जाहीर झाली. कारशेडची जागा एकदां बदलली, मग पुन्हा मूळ ठिकाणीं आली, आणि २०२५ च्या ऑक्टोबरांत आरे ते कफ परेड हा भुयारी मार्ग पूर्णपणें सुरू झाला. येथें दोन्ही बाजूंनीं पर्यावरणाचाच दाखला दिला जात होता. आगगाडी झाली तर मोटारी व धूर कमी होईल, असें एक बाजू म्हणे. वन गेलें तर नदी आणि सावली जाईल, असें दुसरी म्हणे. दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य होतें. खटकणारी गोष्ट एवढीच कीं, जो प्रश्न दिवसाढवळ्या मेजाशीं बसून सोडवावयाचा, तो रात्रीं करवतीनें सोडविण्यांत आला.

येथें एक रास्त शंका निघेल. स्वीडनची वस्ती एक कोटीच्या घरांत. तेथील दहांपैकीं सुमारें सात कामगार संघटित. आपल्याकडे बहुसंख्य मजूर असंघटित. तेथील नमुना येथें कसा चालावा? शंका खरी आहे, आणि नमुना जसाच्या तसा उचलावा असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु तिघांना एकत्र बसविण्याचें तत्त्व परदेशी नाहीं. गिरण्यांच्या जमिनीचा तीन वांट्यांचा नियम मुंबईंतच लिहिला गेला होता. १९८४ च्या डिसेंबरांतील भोपाळच्या भयंकर दुर्घटनेनंतर १९८७ सालीं आपल्या कारखाने-कायद्यांत धोकादायक कारखान्यांसाठीं सुरक्षा-समित्या आल्या, आणि धोका दिसल्यास सूचना देण्याचा कामगाराचा हक्क मान्य झाला. स्वीडनमध्यें काम थांबविण्याचा हक्क, आपल्याकडे सूचना देण्याचा हक्क. हें अंतर कमी करणें अशक्य कोटींतलें नाहीं.

यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, कोणताहि कारखाना बंद होतांना किंवा हलतांना, कामगारांच्या देण्याच्या हिशेबाबरोबरच जमिनीचाहि हिशेब मांडला जावा. तिच्या पोटांत काय पुरलें आहे, ती शुद्ध कोण करणार आणि तिच्यांतला शहराचा वांटा कोणता, हें त्याच कागदावर लिहिलें जावें. दुसरी, विषारी पाण्याचा नळ कोठें उघडतो हें ज्याला ठाऊक असतें तो तपासनीस नसून कामगार असतो; तेव्हां तें सांगितल्याबद्दल त्याची नोकरी जाणार नाहीं अशी हमी असली पाहिजे. ही हमी नसेल तर तो गप्प बसेल, आणि त्याच्या गप्प बसण्याची किंमत साऱ्या गांवाला मोजावी लागेल. तिसरी, पर्यावरणाच्या नांवानें दिलेल्या प्रत्येक हुकमांत त्यामुळें बेकार होणाऱ्या माणसाची सोय आधीं असावी, मागाहून दयेनें दिलेली नसावी.

सुशिक्षित घरांतील श्रोत्यांना वाटेल कीं यांत आपलें काम काय? काम आहे. गृहसंस्थेच्या सभेंत मनोऱ्याची उंची आणि मोटारींच्या जागा यांची चर्चा होते, तींत आपल्या मागच्या नाल्याचें मूळ नांव काय होतें हेंहि कोणीतरी विचारावें. विकास-आराखड्यावर हरकती मागविल्या जातात, तेव्हां ज्या कारखान्याच्या जागेवर आपलें घर उभें राहिलें तेथील कामगारांचें काय झालें, याचीहि चौकशी व्हावी. मुलांना ओशिवरेचा उगम दाखवावा. नदी ज्यानें पाहिली आहे तो तिला सहजासहजीं नाला म्हणणार नाहीं.

१९३८ च्या त्या दोन घटनांना आतां पाऊण शतकाहून अधिक काळ लोटला आहे. साल्टशोबादेनच्या मेजावर ज्यांनीं सह्या केल्या ते आणि मुंबईच्या रस्त्यावर ज्यांनीं संप केला ते, दोघेहि आपल्या काळाला जें दिसत होतें त्यासाठीं प्रामाणिकपणें झगडले. त्यांना न दिसलेला तिसरा पक्ष आपल्याला मात्र दिसला आहे, आणि त्यामुळें आपली जबाबदारी त्यांच्याहून वाढली आहे. पुढच्या कराराच्या मेजाशीं तिसरें आसन मांडलें जाईल कीं नाहीं, हें आतां आपल्यावर आहे.